एबी बापाची लेक

"बाबांचा ग्रुप एबी, आईचा ओ. मग तुझा काय येईल? सांग बघू!"

मीच विचारलं. लातूरच्या एका रक्तपेढीत मी टेक्निशियन आहे. लातुरात नीटच्या क्लासची पोरं गल्लोगल्ली. त्यातलं कुणी रक्त द्यायला आलं की एखादा प्रश्न टाकायची मला भारी हौस होती. ही मुलगी उदगीरची, दुसऱ्यांदा नीट देणारी. आईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं, म्हणून पेढीतून घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात बापलेक रक्त द्यायला आले होते. आईचा ग्रुप दवाखान्याच्या चिठ्ठीवर होता, बापाचा मी नुकताच तपासला होता.

"ए नाहीतर बी," ती फाडकन म्हणाली.

"आणि ओ?"

"चान्सच न्हाई, मॅडम!"

शाब्बास म्हणाले मी. उत्तर बरोबर होतं. प्रत्येकाला ग्रुपची दोन अक्षरं मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एबीवाल्या बापाजवळ द्यायला ए असतो नाहीतर बी. ओ ग्रुपला दोघांकडूनही ओ लागतो.

मग तिच्यासमोरच तिचं रक्त स्लाईडवर घेतलं. एका थेंबात ए चं, दुसऱ्यात बी चं तपासणीचं सीरम टाकलं की रक्त ज्या ग्रुपचं, त्या थेंबात गुठळ्या होतात. ए आणि बी, दोन्ही थेंब तसेच राहिले. म्हणजे ओ. ती वाकून बघत होती. तिला समजावून सांगायची गरजच नव्हती.

"थांब, परत करते," मी घाईनं म्हणाले. "क्वचित अपवाद असतो."

दोघांचंही परत केलं. तेच आलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," बाप म्हणाला. पोरीकडं बघायची त्याची हिंमत नव्हती. "माझ्या बहिणीची हाय ही. बाळंतपणात गेली बिचारी. मामा हाय मी हिचा."

मुलगी म्हणाली, "ऑपरेशन होऊस्तोर आईला काही सांगू नका." आणि हात पुढं केला. मला सुई टोचवेना. दुसऱ्या बाईंना बोलावलं.

महिन्याभरानं तिची आई मला शोधत आली. लई भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मामी म्हणली असती तरी चाललं असतं, मॅडम. आता हाकच मारत न्हाई. नुसतं 'वाढ' म्हणती."

माझ्याच जिभेला हाड नव्हतं, दुसऱ्या कुणाला काय बोलणार? तिच्यासमोरच रडले. त्या दिवसापासून ज्याच्या ग्रुपचा कागद त्याच्याच हातात देते, घडी घालून. प्रश्न विचारायला लातुरात क्लास पुष्कळ आहेत.