योहानची शेवटची मॅच आणि माझी अखनी

स्वीडनच्या एका व्यावसायिक आइस हॉकीपटूची कारकीर्द माझ्या अखनीने संपवली, असं आमचे हे आजही चारचौघांत सांगतात. साफ खोटं आहे. कारकीर्द त्याच्या गुडघ्याने संपवली. अखनी फक्त शेवटच्या दिवशी मध्ये आली.

अखनी म्हणजे आम्हा कोकणी मुसलमानांचा मटणाच्या रश्शात शिजवलेला भात. (पुलाव म्हणू नका. माझ्या सासूबाई ताटावरून उठून जातील.)

दोन हजार पाचचा सुमार. आम्ही कतारमध्ये अल खोरला राहत होतो. हे जवळच्या रास लफ्फानच्या एका गॅस कंपनीत बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायचे आणि शेजारच्या घरात योहान राहायचा. आडदांड, पुढचे दोन दात खोटे, स्वभावाने गाय. प्लांटवर लोकांना सेफ्टी शिकवायचा. त्याआधी वीस वर्षं त्याने बर्फावर हॉकी खेळून पोट भरलं होतं. मला आधी पटलंच नाही. घसरण्याचा पगार मिळतो? आम्ही पावसाळ्यात रत्नागिरीच्या चिऱ्यांवर आयुष्यभर फुकट घसरलो!

पण त्याची गोष्ट ऐकली आणि माझं हसू गेलं. गावच्या क्लबातून मोठ्या लीगमध्ये, तिथून जर्मनीत, मग गुडघा दुखायला लागल्यावर लहान लहान क्लबांत. शेवटच्या क्लबाने भर मोसमात फोन केला, उद्यापासून येऊ नकोस. निरोपाची मॅच नाही, हस्तांदोलन नाही, खलास! नंतर तो कतारला आला, जिथे बर्फ सरबतात सापडतो. तरी दोह्याच्या एका मॉलमध्ये बर्फाचं छोटं मैदान, म्हणजे रिंक, होती आणि दर शुक्रवारी संध्याकाळी तिथे गोऱ्या इंजिनियरांच्या टीम खेळायच्या. त्या वर्षी डॉक्टरने सांगितलं, आता बस.

"शुक्रवारी शेवटची मॅच," योहान आमच्या दारात उभा राहून म्हणाला. "एक गोल मारायचा आणि मीच थांबायचं. या वेळी मी ठरवणार, फोन नाही."

आमच्यात माणसाला निरोप द्यायचा तो जेवू घालून. मी लगेच म्हणाले, "मग दुपारचं जेवण आमच्याकडे!"

"नसीमा," हे आत येऊन म्हणाले, "मॅच पाच वाजता आहे. काहीतरी हलकं कर. सूप वगैरे."

"सूप? तो काय आजारी आहे? उपाशी माणूस कधी धावतो का?"

"खेळाडू लोक मॅचआधी मोजून खातात."

"म्हणूनच त्यांचे गुडघे जातात!"

सासूबाई, म्हणजे अम्मी, तेव्हा व्हिजिट व्हिसावर आलेल्या होत्या. त्यांनी ओट्यापाशी खुर्ची टाकली आणि कारभार हाती घेतला. अखनी झाली, हामूर माशाचं कालवण झालं, वडे झाले, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, वर सांदणं आणि नारळाचं दूध. (सूपसुद्धा केलं. मी नवऱ्याचं ऐकते.)

जुम्म्याची नमाज झाली, योहान आला, बसला आणि समोर आलेलं ताट त्याने लख्ख केलं. अम्मी खूश! आमच्यात रिकामं ताट दिसणं म्हणजे घरच्या बाईची अब्रू गेली. मी परत वाढलं. त्याने परत लख्ख केलं.

"अगो, पोर भुकेला हाय," अम्मी म्हणाल्या. "वाढ गो, लाजतोय तो."

"थँक यू, इनफ," योहान म्हणाला.

आता कोणी एकदा 'पुरे' म्हटलं म्हणून हात आखडणारी बाई कोकणात जन्मायची आहे. तीनदा नाही म्हणावं, ताटावर आडवं पडावं, मग आम्ही विचार करतो. याने एकदाच म्हटलं आणि ताट पुन्हा पुसून काढलं! म्हणजे हवंच असणार ना? पाचव्या वाढीला त्याच्या कपाळावर घाम आला. मी एसी वाढवला आणि सांदणं वाढली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, चव आवडली.

जेवण झाल्यावर तो आमच्या गालिच्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. निघायची वेळ झाली तरी उठेना. यांनी हाका मारल्या, मी चेहऱ्यावर पाणी मारलं, अम्मींनी पायाचे अंगठे ओढले. शेवटी तिघांनी मिळून त्याला गाडीत भरलं आणि अम्मींसकट आम्हीही चढलो.

दोह्याच्या वाटेवर तो पट्टा सैल करून यांना हळूच म्हणाला, "सलीम, राग मानू नकोस. माझ्या आजीने शिकवलंय, दुसऱ्याच्या घरी ताटात काही टाकायचं नाही, यजमानिणीचा अपमान होतो. मी संपवत होतो, ती भरत होती. हे थांबतं कधी?"

यांनी भर हायवेवर गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतके हसले, की मागून येणारा ट्रकवाला चौकशीला थांबला. मी खिडकीबाहेर बघत बसले. वाळवंटात बघण्यासारखं काही नसतं, पण मी बघत बसले. त्याची आजी चुकीचं शिकवते, त्याला मी काय करू?

रिंकवर दुसरं संकट. हॉकीची ती जाड पँट पोटावर बसेना. नाडी टोकापर्यंत ओढली तरी हातभर फट. योहान बाकावर बसून बुटांकडे पाहत होता. बूट बांधायला वाकणंही त्याला जमेना. अम्मी पुढे झाल्या, स्वतःची हिरवी ओढणी काढली (घडी घातलेली दुसरी पिशवीत असतेच) आणि म्हणाल्या, "सरळ उभा रव. श्वास आत घे." बाळंतिणीचं पोट बांधतात तसं त्यांनी त्या सहा फुटी स्वीडिश माणसाचं पोट आवळून बांधलं. आयुष्यात डझनावारी बाळंतिणी बांधल्या होत्या त्यांनी. गाठ कशाची सुटतेय!

मॅच सुरू झाली. बाकीचे सुसाट, आणि आमचा योहान हिरवी ओढणी बांधून भरल्या होडीसारखा मध्येच डुलतोय. चेंडूऐवजी काळी चकती असते, ती त्याच्या समोरून तीनदा गेली. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं. मध्यंतरात त्याच्या टीमचा कॅप्टन, एक लालबुंद कॅनडियन, त्याला म्हणाला, "सॉरी, आज तू बाहेर बस."

योहानचा चेहरा पडला. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि हेल्मेट काढलं. फोन आला तेव्हाही याने असंच निमूट ऐकलं असणार. मला ते सहन झालं नाही. खायला मी घातलं आणि शिक्षा त्याला? मी थेट कॅप्टनपुढे जाऊन उभी राहिले.

"ही विल प्ले! त्याची शेवटची मॅच आहे!"

"मॅडम, तो हलूसुद्धा शकत नाही."

"मग उभा ठेव! गोलच्या समोर उभा ठेव! उभं राहायला काय हलावं लागतं?"

अम्मी मागून सुरू झाल्या, "मेल्या, तुला आईबाप हायत का न्हाय? म्हाताऱ्या गुडघ्याचा माणूस, त्याला शेवटाला बाहेर बसवतोस?" कॅप्टनला अक्षर कळलं नाही, पण त्यालाही आई असणार. तो म्हणाला, "ओके, ओके. लास्ट टू मिनिट्स."

शेवटची दोन मिनिटं. योहानला समोरच्या टीमच्या गोलपुढे नेऊन खांबासारखा रोवला. मी कडेच्या उघड्या दारात उभी. चकती भिरभिरत आली आणि नेमकी त्याच्या पायाशी थांबली. पण मध्ये तो गोलकीपर, फ्रिज आडवा टाकावा तसा! "मार! यल्ला, चल, मार!" म्हणून ओरडताना मी एक पाऊल पुढे टाकलं. बर्फावर. रबरी चपलेने.

रत्नागिरीच्या चिऱ्यांचा सगळा अनुभव त्या क्षणी कुचकामी ठरला. मी बुडावर आपटले आणि बसल्या बसल्या अख्खी रिंक कापत सुटले. वाटेत कोणी तरी "लेडी!" असं ओरडलं. दुसऱ्याच क्षणी मी गोलकीपरच्या दोन्ही पायांवर आदळले, तो माझ्या अंगावर पडता पडता बाजूला कोसळला आणि योहानने जागचं न हलता, अगदी हळूच, चकती आत ढकलली.

गोल!

पंचाने शिट्टी मारली. गोल बाद. मी बसूनच भांडले. "बाद कसा? मी कुठल्या टीमची आहे, सांगा!" पंच म्हणाला, "हाच तर प्रश्न आहे, मॅडम." तरी मी हटेना, तेव्हा त्याने मला दोन मिनिटांसाठी शिक्षेच्या पिंजऱ्यात बसवलं. माझ्या बाजूने वाद घातला म्हणून योहानलाही शेजारी बसवलं आणि तिथेच वेळ संपली.

तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "नसीमा," तो म्हणाला, "मागच्या वेळी मला काढलं, तेव्हा माझ्यासाठी कोणीही भांडलं नाही." मग काचेपलीकडे गोलांच्या बोर्डावर जे शून्य दिसत होतं, त्याच्याकडे बोट करून म्हणाला, "तो गोल माझा आहे. मी ठरवणार. इथे मी थांबलो."

मला रडू आलं, पण पिंजऱ्यात काय रडायचं! सगळे बघत होते. मी पदर सावरला आणि मान ताठ ठेवून बसून राहिले.

अखनी जड होती, हे मला आजही मान्य नाही. गोल बाद होता, हे तर मुळीच नाही. योहानची कारकीर्द वीस वर्षांची झाली. माझी दोनच मिनिटांची झाली, आणि तीही सगळीच्या सगळी शिक्षेत गेली.