नकाशातलं माश्यांचं पाणी

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. टोकं वळू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर मधाच्या बरण्या ठेवल्या होत्या. वहिनीने हात पुसले, चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"नळ कुठाय?"

"कसला नळ?" तिचा नवरा म्हणाला.

झालं. तळपायाची आग मस्तकात जायला तिला एवढं पुरेसं होतं.

गल्लीत त्याला सगळे दादा म्हणत आणि तिला वहिनी. मधमाश्या पाळायचा धंदा दोघांचा. डोंगरावर फुलोरा आला की पेट्या टेम्पोत घालायच्या, वर जायचं, तिथेच मुक्काम ठोकायचा आणि फुलं गळाली की खाली यायचं. लग्न झाल्यापासून एक हंगाम चुकला नव्हता. राहायचं कशात? आधी ताडपत्रीच्या पालात, मग पत्र्याच्या खोपटात. खोपट गेल्या वादळात उडालं, आणि दादाने जाहीर केलं की आता पुरे, वर पक्कं घर बांधायचं. तीन महिन्यांचं का होईना, पण घर.

वहिनीला तेव्हा इतका आनंद झाला होता की तिने शेजारणीला बोलावून सांगितलं होतं. आता त्या आनंदाचीही तिला चीड येत होती.

"नळ म्हणजे पाण्याचा नळ. पाणी. जे आपण पितो."

"पाणी आहे की," दादा म्हणाला आणि नकाशाच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. तिथे निळ्या पेन्सिलीने एक सुबक गोल काढला होता, त्यावर झाडाची सावली हलकेच रंगवली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माश्यांचं पाणी'.

दिराला हसू आवरेना. धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि हंगामात मदतीला वर यायचा. "वहिनी, दादाने सावलीसुद्धा दाखवलीय बघा. पाणी तापायला नको."

"भावजी, तुम्ही गप्प बसा."

तिने नकाशा स्वतःकडे ओढला, तशी एक बरणी कलंडली. सगळ्यात मोठी, उत्तरेकडची गार खोली कोणाला, तर पोळ्यांच्या चौकटींना, कारण मेण वितळतं. पूर्वेची भिंत सलग, बिनखिडकीची, कारण तिच्या आडोशाला पेट्या. पेट्यांना सकाळचं ऊन लागणार, वारा लागणार नाही. झोपायची खोली पश्चिमेला, तापणारी. स्वयंपाकघर वाऱ्याच्या तोंडावर. संडास तर आधी विसरलाच होता. मागाहून एका कोपऱ्यात शिसपेन्सिलीने कोंबला होता, आणि तिथे जायला पेट्यांच्या तोंडांसमोरून जावं लागत होतं.

"हे घर कोणासाठी आहे?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? आपल्यासाठी."

"आपण म्हणजे कोण? तुम्ही आणि माश्या?"

दादा दुखावला. त्याने आख्खा पावसाळा या कागदावर घालवला होता. "वाऱ्याचा अभ्यास करून काढलंय मी. चेष्टा वाटते तुला?"

"वाऱ्याचा अभ्यास झाला. माझा कधी करणार?"

वहिनीचा राग गल्लीत प्रसिद्ध होता. गिरणीवाला तिचा डबा आधी घ्यायचा, रिक्षावाला तिच्याशी सुट्या पैशांवरून वाद घालायचा नाही. ती होती एका शिंप्याची मुलगी. माहेरी माशी म्हटलं की तिने फक्त गुळाच्या ढेपेवरची पाहिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात तिचा डोळा सुजून बंद झाला तेव्हा दादा म्हणाला होता, "अगं, तूच हात हलवला असशील." माशीची चूक त्याला कधी दिसली नाही. तरी ती शिकली. धूर द्यायला, चौकट उचलायला, मेणाची झाकणं सुरीने कापायला, मध काढायचं यंत्र फिरवायला. पुढे पुढे तर दादापेक्षा तिचा हात हलका झाला. दिराने तेव्हाच तिचं नाव राणीमाशी ठेवलं होतं. "राणीमाशी दिवसभर बसून खाते, भावजी," ती म्हणाली होती. "बाकीच्या तिला भरवतात. माझी अशी व्यवस्था झाली की मग हाक मारा."

या रागाचं एक विचित्र होतं. गावात ती सगळ्यांवर भडकायची, पण डोंगरावर कधी नाही. तिथे रागवायला अंगात ताकदच उरत नसे.

कारण मधाचं काम म्हणजे शेवटी पाण्याचं काम. बरणीतला मध पाहणाऱ्याला ते कळत नाही. यंत्र चिकट, सुऱ्या चिकट, फडकी चिकट, दाराची कडी चिकट, केस चिकट. रोज सगळं गरम पाण्याने धुवायचं. आणि पाणी कुठे, तर खाली झऱ्यावर. मुक्काम वरच्या सपाटीला, झरा उताराच्या पायथ्याशी, मधली वाट मुरमाची आणि निसरडी. कॅन भरून ती वर आणायची, दोन्ही हातांत एकेक. त्या पाण्यातून स्वयंपाक, धुणं, आंघोळी. आणि त्या सगळ्याच्या आधी माश्यांची ताटं: उथळ ताटांत खडे टाकून पाणी भरायचं, म्हणजे माश्या बुडत नाहीत. ती ताटंही तीच भरायची. आता तिचे गुडघे जिना उतरतानाच कुरकुरत होते, आणि डॉक्टरने चढउतार बंद करायला सांगितलं होतं. हे दादाला माहीत होतं. तिला घेऊन तोच गेला होता.

"जागा बदला," ती म्हणाली. "घर झऱ्यापाशी बांधा. नाहीतर या हंगामात मी येणार नाही. आणि पुढच्याही नाही."

"झऱ्यापाशी ओल असते. पेट्यांना बुरशी लागेल."

"पेट्या वर ठेवा."

"आणि लक्ष कोण ठेवणार? त्या वर्षीचं विसरलीस?"

ती विसरली नव्हती. एका वर्षी कुठलंसं जनावर पेट्या उलथवून गेलं होतं, आणि दादा सकाळी त्या फुटक्या चौकटींत मांडी घालून लहान पोरासारखा बसला होता. तेव्हापासून तो पेट्यांना उशाशी घेऊन झोपायचा. तिला ते कळत होतं, म्हणून तर इतकी वर्षं ती मूग गिळून बसली होती.

मग दादाने ते वाक्य टाकलं.

"आणि जागा कोणी दाखवली होती गं? तूच ना? 'इथे ऊन आधी येतं' म्हणाली होतीस."

दिराने बरणी सरळ केली.

खरं होतं. पहिल्या वर्षी, नवी नवरी, डोंगर चढून गेल्यावर तिनेच हात पसरून सांगितलं होतं की इथे. चौफेर फुलं होती. तिने फुलं पाहिली, ऊन पाहिलं, आणि पाणी कुठे आहे हे विचारलंच नाही. या धंद्यात आलेला प्रत्येक माणूस हीच चूक करतो: आधी माश्यांच्या डोळ्यांनी जागा बघतो.

"दाखवली होती," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता, आणि दिराला तो ओरडण्याहून वाईट वाटला. "तेव्हा मला गुडघे आहेत हेच माहीत नव्हतं. तुम्हाला आज माहीत आहे."

ती उठून मागच्या खोलीत गेली आणि आधीच धुतलेलं यंत्र पुन्हा घासायला बसली.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री आखणीला येणार होता. वहिनी येणार नाही असं दादाने धरलं होतं. ती टेम्पोत सगळ्यात आधी जाऊन बसली. मांडीवर स्टोव्ह, पायाशी दोन रिकामे कॅन.

"हे कशाला?" दादाने विचारलं.

"घर बघायला चाललोय ना? चहा नको?"

मिस्त्री जुना माणूस, कमी बोलणारा. त्याची एक पद्धत होती. खुंट्या ठोकून दोरी ताणायची, दोरीखाली फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, दारांच्या जागा मोकळ्या सोडायच्या, आणि मग खोदायच्या आधी मालकांना त्या रेघांच्या घरात थोडा वेळ राहायला लावायचं. "एकदा राहून बघा," तो म्हणायचा. "नंतर भिंत सरकवा म्हणालात तर मी फोन उचलत नाही." लोक दोन मिनिटं इकडून तिकडे फिरत, हसत, आणि खण म्हणत.

वरच्या सपाटीवर दादाचं घर पांढऱ्या रेघांत उमटलं. सुंदर दिसत होतं, हे वहिनीलाही नाकारता येईना. पुढे पाठवलेल्या दहाबारा पेट्या पूर्वेच्या रेघेला लागून गुणगुणत होत्या.

"चला, राहू या," वहिनी म्हणाली. ती दाराच्या मोकळ्या जागेतून आत गेली आणि स्वयंपाकघराच्या चौकोनात स्टोव्ह मांडून बसली. "पाणी आणा."

"अगं, बाटलीत आहे की."

"बाटली गावातल्या घरची. या घरातलं पाणी आणा." तिने कॅन पुढे केले. "भावजी, तुम्ही बसा. ज्यांचं घर आहे ते आणतील."

दादाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री दोरी गुंडाळत होता. दादा कॅन घेऊन गेला.

तो वर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि एक कॅन अर्धा सांडला होता. तोवर वाऱ्याने स्टोव्ह दोनदा विझला होता. वहिनीने चहा टाकला, उरलेलं पाणी बादलीत ओतलं, त्यातच भांडी बुडवली आणि रिकामे कॅन पुन्हा पुढे केले.

"आता कशाला?"

"भांडी झाली. चौकटी धुवायच्यात. मग आंघोळ. मग ताटं. दिवस आत्ता कुठे सुरू झालाय."

"पुरे झालं तुझं नाटक!"

"नाटक?" ती उभी राहिली. उठताना तिने जमिनीला हात टेकला आणि ते लपवलंही नाही. "मी हे इतके हंगाम करत होते तेव्हा ते काम होतं. तुम्ही एक खेप केलीत तर नाटक? नकाशा काढताना त्यांना तहान लागते हे आठवलं, सावली आठवली, खडेसुद्धा आठवले असतील! ती ताटं भरणारी बाई कुठे काढलीय? दाखवा. या रेघांत मी कुठे आहे ते दाखवा, मी तिथे जाऊन बसते."

दादा तावातावाने निघाला, आणि इथे त्याच्या स्वभावाने त्याचा घात केला. दुसरा कोणी असता तर रेघ ओलांडून गेला असता. पण स्वतः काढलेल्या भिंतीतून तो कसा जाणार? तो शिस्तीत मागच्या दाराने बाहेर पडला, संडासाकडे जाणाऱ्या वाटेने वळला आणि थेट पेट्यांच्या तोंडांसमोर, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, घामाने भिजलेला असा उभा राहिला.

पहिली मनगटावर चावली. दुसरी कानामागे.

"दादा, हात हलवला असशील!" दीर ओरडला.

वहिनी हसली नाही. तिने पदराने स्टोव्ह धरला, बंद केला, आणि मिस्त्रीच्या पाटीतून फक्कीचा डबा उचलून उताराला लागली. एकेक पाऊल आडवं टाकत, गुडघा सांभाळत, कोणाचा हात न धरता. झऱ्याच्या जरा वर, ओल संपते आणि झाडी सुरू होते तिथे एक कोरडा ओटा होता. तो तिने कितीतरी वेळा कॅन टेकवून दम खाताना पाहिला होता. तिथे तिने वाकून रेघ मारली. आधी स्वयंपाकघर, झऱ्याच्या बाजूला, दार वाऱ्याकडे पाठ करून. मग धुवायची जागा. मग खोली. रेघा वाकड्या आल्या, पण दारं चुकली नाहीत.

"मिस्त्री!" तिने खालून हाक मारली. "इथे खणा!"

मिस्त्री सपाटीच्या काठावर येऊन उभा राहिला. "मालक, कुठलं खणू? मला एकच घर बांधायचंय."

दादा मनगट चोळत काठावर आला. खाली बायको फक्कीने पांढरे झालेले हात कमरेवर ठेवून उभी होती. मागे पेट्या. त्याने एकदा वळून पेट्यांकडे पाहिलं. मग खाली आला, कॅन आणायच्या त्याच वाटेने, आणि मुरमावरून घसरता घसरता वाचला.

"इथून पेट्या दिसणार नाहीत," तो म्हणाला.

"वरच्या अंगाला खिडकी ठेवा. पेट्या चार हात काठाकडे आणा."

"आणि वर काही वाजलं तर?"

"खिडकीखाली खाट तुमची. वाजलं तर तुम्ही उठायचं, तुम्ही चढायचं."

त्याने खिडकीच्या जागी उभं राहून वर पाहिलं. काठाशी पेट्या आणल्या तर दिसल्या असत्या. "ताटांचं पाणी?"

वहिनीने झऱ्याकडे आणि मग वर जाणाऱ्या वाटेकडे बोट दाखवलं.

"मी नेईन," तो म्हणाला.

"रोज."

"रोज म्हटलं ना!" तो ओरडला. कान लाल होऊन सुजला होता.

मिस्त्री खुंट्या घेऊन उतरला. त्याने वहिनीच्या वाकड्या रेघांकडे पाहून डोकं खाजवलं, पण बोलला काही नाही. पहिली खुंटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठोकली आणि दोरीचं दुसरं टोक दादाच्या हातात दिलं. वहिनी खाली वाकून दोरीच्या रेषेत डोळा लावून बघू लागली. राग अजून तिच्या कानशिलांत ठणकत होता, आणि तो आज तरी उतरणार नव्हता.

"नीट ताणा," ती म्हणाली. "ढिली पडतेय."