झाकणावरचा स्क्रू

आज सकाळी शेतात पाण्याचं इंजन गचके खात बंद पडलं. आमच्या ह्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि त्याचं चिखलानं बुजलेलं बारीक भोक पिनेनं मोकळं केलं. "टाकीत हवा गेली न्हाई की पेट्रोल उतरतच न्हाई," ते म्हणाले. पेट्रोलचा वास नाकात शिरला आणि मी एकदम धरणाच्या मधोमध, दादाच्या होडीत जाऊन बसले.

नर्सिंगच्या मुलाखतीचा दिवस होता. पलीकडच्या काठावरून जालन्याची एसटी धरायची होती. "मी सोडतो तुला," दादा आपणहून म्हणाला होता. पण होडीची मोटार कधी जोरात, कधी हळू चालायची, मंग गप्प व्हायची. दादा झाकण काढून टाकीत डोकवायचा, झाकण लावून दोरी ओढायचा. मोटार थोडी चालायची, पुन्हा बंद. पलीकडं एसटी आली आणि धूळ उडवत निघून गेली.

"तुझं नशीबच न्हाई गं बाई," दादा म्हणाला. झाकणावरचा एक छोटा स्क्रू त्यानं सैल केला आणि होडी वळवली. घरापर्यंत मोटार एकदाही अडखळली नाही.

इतकी वर्षं मी त्या मोटारीलाच शिव्या देत आले. तो स्क्रू हवेचा होता, हे मला आज कळलं. दादाला तेव्हाच माहीत होतं.

मला अडवायला किती मेहनत घेतली त्यानं! दोरी ओढून ओढून तळहाताला फोड आल्ते. त्या संध्याकाळी मीच त्या फोडांना तूप लावलं आणि फुंकर घालत बसले.