वरच्या अंगाची भेग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घराच्या वरच्या अंगाला डोंगरात पडलेली भेग बुजवणं. पाऊस तोंडावर आला होता. मी खालच्या खाचरातली चिकणमाती घमेल्यानं वर न्यायचो, भेगेत आधी दगड, मग माती टाकायचो. बायको कळशीतलं पाणी ओतून पायांनी तुडवायची. तुडवायचं काम तिचंच. मी तुडवलं की ढेकळं राहतात, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

भेग आमच्या आंब्यापासून मोठ्या कातळापर्यंत. कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी. तिच्या खाली आमची वाडी, सात घरं. पाणी आत शिरलं तर वरची माती सुटून घरांवर येणार, हे कळायला शाळा शिकावी लागत नाय. तरी पाहणीला एक साहेब येऊन गेला. चिकणमातीनं बुजवा म्हणाला, जोराचा पाऊस लागला तर शाळेत जाऊन राहा म्हणाला. साहेब गेला, भेग राहिली.

ती देवानं पाडली असं वाडीत बोलतात. खोटं हाय. मी पाडली.

वर ऐन-किंजळीचं रान होतं, माझ्या मालकीचं. बापाच्या वेळेपासून आम्ही राबासाठी त्याच्या फांद्या तोडायचो. भाताची, नाचणीची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पातेरा पसरून जाळायचं, तो राब. पण तोडायची एक रीत होती. शेंडा सोडायचा, खोडाला कोयता लावायचा नाय. दुसऱ्या वर्षी झाड परत फुटायचं. एवढी वर्षं फांद्या नेल्या, डोंगर जाग्यावर होता.

मग लाकडाचा ठेकेदार आला. मुलगे बाहेर, राब आता कोण जाळतो, असं म्हणून मी रान दिलं. ते एक वेळ चाललं असतं. पण मला शहाणपण सुचलं. रस्ता करायला जेसीबी वर आलाच होता. ड्रायव्हरला म्हटलं, खोडंही उपटून टाक, काजू लावतो. बायको जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"झाडं गेली ती गेली. मुळं कशाला काढताय? ती काय भाकरी मागतात तुमच्याकडं?"

ड्रायव्हरदेखत मी तिला घरी जा म्हणालो. गेली. काजूची रोपं दुसऱ्याच पावसाळ्यात धुऊन गेली आणि त्याच्या पुढल्या वर्षी भेग दिसली.

पाऊसही पहिला राहिला नाय. आमच्या पाठीशी महाबळेश्वरचा डोंगर. ढग त्याला अडतो आणि आमच्यावर रिता होतो, हे आजचं नाय. पण पूर्वी पाऊस महिना-महिना सारखा पडायचा, माती सावकाश प्यायची. आता आठ-आठ दिवस ऊन, रोपं पिवळी, आणि मग एका दिवसात सगळा. त्यात मुळं नाहीत. नुसती माती काय धरणार?

एका पुरानंतर मी बियाण्यासाठी महाडला उतरलो. दुकानदार फावड्यानं चिखल बाहेर ओढत होता, तांबडा चिखल. कुठून येते ही घाण, देव जाणे, म्हणाला. मी चिमूटभर उचलून बोटांत चोळला. माती मी ओळखली होती. आमच्या ओढ्यातनं सावित्रीत, सावित्रीतनं त्याच्या गल्ल्यात. एकट्या माझ्या रानाची नसेल, पण माझीही होतीच. घरी येऊन तिला सांगितलं.

"मंग बोलायचं ना त्याला. आमची हाय, परत द्या."

म्हणाली, आणि हसली मात्र नाय.

तेव्हापासून मला बसवत नाय. आभाळ दाटलं की ताटावरून उठतो, वर जातो, भेगेत काठी घालून बघतो. ती म्हणायची, काठीनं डोंगर थांबतो का, त्यापेक्षा माती आणा. म्हणून दरवर्षी बुजवायचो. पावसाळा सरला, ऊन लागलं, की भेग परत तोंड उघडायची.

त्या दिवशी कातळाच्या बाजूची चार हात राहिली होती. दुपार कलली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. उरलेलं उद्या सकाळी. आणि माती फोडून आणा, तुमचे दगड मी तुडवायची नाय."

खाली आलो. तिनं पाय धुतले, ओटीवर बसली, पाणी मागितलं. छातीत कसंतरी होतंय म्हणाली. शेजाऱ्याच्या जीपमधून पोलादपूरला नेली. डॉक्टरनं हात लावून मान हलवली. दिवस बुडायच्या आत दहनही उरकलं. आंघोळ घालणाऱ्या बायका सांगत होत्या, टाचेतली माती तेवढी काय निघाली नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर माणसं बसली होती. धाकटा मुलगा बिरवाडीत खोली घेऊन राहतो, कंपनीत जातो. तो म्हणाला, तेरा दिवस झाले की माझ्याकडं चला. "बाबा, आता हितं कोणासाठी ऱ्हाताय?" माझं लक्ष मागच्या डोंगरावर. ढग खाली उतरले होते. कोणीतरी चहा हातात दिला, तो तसाच खाली ठेवला आणि घमेलं उचललं.

भावकीतला म्हातारा आडवा आला. "अरे, सुतक हाय. जमिनीला हात लावू नये."

"पावसाला सांग सुतक हाय म्हणून," मी म्हटलं.

माती फोडून नेली, बारीक. चार हात बुजवले. माती टाकायची, पाणी ओतून तुडवायचं, परत मातीसाठी खाली. मुलगा अंगणातून हाका मारत होता.

मग तिनं तुडवलेल्या बाजूला गेलो. आदल्या दुपारचं ऊन खाऊन माती सुकली होती, आणि मधोमध केसाएवढी चीर पडली होती. तिची पावलं तशीच उठलेली, अंगठ्यासकट. चीर ठेवली असती तर पाणी तिथूनच शिरलं असतं.

कळशी ओतली, आणि तिच्या पावलांवर पाय देऊन तुडवायला लागलो. ढेकूळ राहू दिलं नाय.