राक्षसाचा जीव कशात असतो

मी पिंपळगावला ज्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे, तिथे माणसं एकमेकांना समजून घेण्याच्या भानगडीत पडत नाहीत. एकमेकांचा पोपट शोधतात. नवा मॅनेजर आला की द्राक्षं भरणाऱ्या बायका दोन दिवसांत ठरवून टाकतात, याचा जीव कशात आहे. मागच्याचा म्हणे गाडीत होता. त्या गाडीवर कोणीतरी दगडाने रेघ ओढली आणि सगळ्या जणी दिवसभर खुशीत होत्या. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: राक्षस काही केल्या मरत नाही, कारण त्याचा जीव सात समुद्रांपलीकडे, झाडाच्या ढोलीत, पिंजऱ्यातल्या पोपटात ठेवलेला असतो. लहानपणी एकदा ऐकली की ती डोक्यात घर करते. मग निवडणूक असो, बांधावरचं भांडण असो, सुनेचं माहेर असो, लोक पोपटाच्याच मागे. मला त्या गोष्टीची चीड आहे. का, ते सांगते.

ती मला आईनेच सांगितली. द्राक्षाच्या मांडवाखाली घडांची विरळणी चालायची. दोन्ही हात वर धरून छोट्या कात्रीने दाटीतले मणी कापत जायचं, दिवसभर. मान मोडून यायची, म्हणून मी गोष्ट मागायचे. राजपुत्र पोपटाचा पाय पिरगाळतो, तिकडे राक्षसाचा पाय गळून पडतो. पंख उपटतो, तिकडे हात जातात. ही सगळी मोडतोड आई चवीचवीने सांगायची.

"आणि मान?" मी विचारायचे.

"मान शेवटी. घाई नाय करायची."

सांगताना बाही मागे सरकली की तिच्या दंडावरचे वळ दिसायचे. जुने काळे, नवे लाल.

वडील मारायचे. त्याला कारण लागत नसे. भाजी खारट झाली, मोटार बंद पडली, पाहुणे जास्त वेळ बसले, काहीही चालायचं. ठिबकच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा दाराच्या खिळ्याला टांगलेला असे. ती नळी लागली की आधी आवाज येतो, मग कातडी पांढरी पडते, आणि मग लाल रेघ फुगून वर येते. मला हे माहीत आहे कारण मी उभी राहून बघायचे. आई दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तेरा वर्षांची असताना मी वडिलांचा पोपट शोधला. फार लांब जावं लागलं नाही. रस्त्याकडेचा अर्धा एकर. तिथे त्यांनी जंगली खुंटांवर स्वतःच्या हाताने कलमं बांधली होती, वेली तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या, आणि आता पहिला माल धरला होता. त्या प्लॉटमध्ये चप्पल घालून जायची कोणाला मुभा नव्हती. सकाळचा चहासुद्धा ते तिकडे चक्कर मारून आल्यावरच प्यायचे. घड हातावर तोलून ते असे बघायचे की माझ्या पोटात दुखायचं. आम्हा दोघींकडे त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं. माझी खात्री पटली की जीव इथेच आहे.

आमच्याकडे पाठीवरचे दोन फवारणी पंप होते, दोन्ही निळे, एकाच दुकानातून आणलेले. त्यातला एक फक्त तणनाशकाचा. द्राक्षाच्या वेलीला तणनाशकाचा नुसता वारा लागला तरी पान आकसतं, म्हणून त्या पंपाच्या पट्ट्याला लाल फडकं बांधायचं, अशी घरात पद्धत होती. फडकं बघायचं आणि पंप उचलायचा. आत आधीचं काय उरलंय, ते कोणी हुंगून तपासत बसत नसे. एका शनिवारी आईने बांधावर तणनाशक मारलं. पंप धुवायच्या आत वडिलांची हाक आली आणि ती तशीच धावली. तळाशी तांब्याभर तणनाशक राहिलं होतं. मी जाऊन त्या पंपाचं फडकं सोडलं आणि दुसऱ्याला बांधलं. गाठसुद्धा आई मारते तशीच मारली.

रविवारी सकाळी वडिलांनी बिनफडक्याच्या पंपात बुरशीचं औषध कालवलं आणि लाडक्या अर्ध्या एकरात शिरले. मी ओट्यावर वही उघडून बसले होते. अभ्यास कसला, त्यांचा पाय कधी गळतो याची वाट बघत होते. तेरा वर्षांची मुलगी इतकी बावळट असते का? मी होते.

तिसऱ्या दिवशी पानं मिटलेल्या पंख्यासारखी आकसली. शेंडे वाकडे झाले. पहिल्या चार ओळींनी तर मानच टाकली. वडील ओळीत फतकल मारून बसले आणि हमसून हमसून रडले. मला इतका आनंद झाला की मोरीत जाऊन, तोंडावर हात दाबून मी हसून घेतलं.

मग ते उठले. पंपांजवळ गेले, दोन्ही झाकणं उघडून हुंगली, फडक्याकडे बघितलं आणि खिळ्यावरची नळी घेऊन हौदाकडे आले. आई तिथे धुणं धूत होती.

"फडकं कोणी बांधलं?"

"मीच बांधते की," आई म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

पहिला फटका तोंडावर बसला. मग मी मोजणं सोडून दिलं. ब्लाउज पाठीवर फाटला, रक्त साबणाच्या फेसात मिसळलं. ती खाली बसली तर त्यांनी बरगडीत लाथ घातली, परत घातली. "माझा जीव व्हता त्यात! जीव व्हता माझा!" असं ते ओरडत होते. माझा हिशोब बरोबर निघाला होता, फक्त मरत आई होती. मला ते बघवेना.

"बाबा, फडकं मी बांधलं! मी बांधलं!"

त्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं हौदाच्या कडेवर आपटलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. मग डोकं पाण्यात. वर काढलं, श्वास घेऊ दिला नाही, परत पाण्यात. नाकातोंडात साबणाचं पाणी गेलं. तिसऱ्यांदा खाली गेले तेव्हा मी हात-पाय झाडणं थांबवलं होतं.

अचानक वेणी सैल झाली. मी वर आले तर आई उभी होती आणि तिच्या हातात धुण्याचं धोपाटणं होतं. पहिला टोला खांद्यावर बसला होता. दुसरा माझ्यादेखत कोपरावर बसला आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला.

"अहो, सोडा तिला! सोडा म्हणते ना! अहो!"

वेणी केव्हाच सुटली होती, तरी ती म्हणत होती आणि मारत होती. अहोजाहो काही सुटलं नाही तिचं. तिसरा टोला कानावर बसला. वडील मटकन खाली बसले. कान दाबला, बोटांमधून रक्त आलं, आणि ते म्हणाले, "आई गं."

मी बघतच राहिले. त्यांना लागत होतं. इतकी वर्षं आम्ही दोघी मांडवाखाली पोपटाच्या गोष्टी करत बसलो, आणि त्यांना साध्या लाकडाने लागत होतं. त्या गोष्टीत राक्षसावर हात टाकून काही होत नाही, हे आधीच ठरलेलं असतं. मग कोण कशाला टाकेल? मला आईचा राग आला, तिच्या गोष्टीचा आला, आणि त्या अर्ध्या एकराची लाज वाटली. आजही कुठे आकसलेलं पान दिसलं की मी तोंड फिरवते. त्या वेलींनी कोणाचं काय बिघडवलं होतं?

शेजाऱ्याने टेम्पो काढला आणि आम्हा तिघांना पिंपळगावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना आई चांगली ठाऊक होती. दर वेळी ती जिन्यावरून पडल्याचं सांगायची आणि ते तसंच लिहून घ्यायचे. आमच्या घराला जिनाच नव्हता. त्यांनी वडिलांचा हात उचलून बघितला आणि विचारलं, काय झालं?

"पाय घसरला," वडील म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

"घसरला नाय, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली. तिचा पदर पाठीला रक्ताने चिकटला होता. "मी मारलं. आणि मी बी कधी पडले नव्हते. समदं लिहा."