वरच्या मजल्याचं नेट

भूकंपानंतर लातुरात लोक वर बांधायला भीत. वहिदाच्या गल्लीत तर दोघांनी आपले मजले स्वतःच उतरवून घेतले होते. पुढं तिचा नवरा चांदपाशा वारला, तोवर शहरात क्लासेसचा बाजार भरला होता. खेड्यापाड्यांतल्या पोरी खोल्या शोधत हिंडत. वहिदानं घरावर मजला चढवायचं ठरवलं.

दीर रिजवान म्हणाला, "भाभी, जमीन हलली ते विसरलात काय?"

"विसरले न्हाई. म्हणून तर लोखंड दुप्पट टाकून राहिले."

मजला उभा राहिला. तिथं पोरी राहून डॉक्टरकीची तयारी करू लागल्या.

यंदा आषाढात वीज कडाडली आणि खालचा राऊटर जळाला. रिजवाननं कंपनीचा माणूस आणून नवा बसवला. खाली नेट झकास. वर मात्र मोबाईलवर वायफायचं नाव दिसे, पान काही उघडेना. जाड स्लॅबमुळं खालचं वायफाय वर पोचत नसे, म्हणून राऊटरपासून वर वायर ओढून भिंतीवर वायफायचा वेगळा डबा बसवलेला होता. कंपनीचा माणूस जिन्यातूनच बोलला, "तो डबाबी गेला. नवा घ्या, न्हाईतर पोरींना खाली झोपवा."

तो गेला तशी रिजवाननं वरची एक गादी खाली न्यायला उचलली. "मी तेव्हाच म्हणलो होतो, वरचा मजला म्हंजे डोक्याला ताप."

वहिदा जिन्यात आडवी उभी राहिली. "गादी ठेवा रिजवानभाई. डब्याचे दिवे लागून राहिलेत. गेला कसा म्हणायचा?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"काहीच न्हाई. पण बघितल्याबिगर हार मानणार न्हाई."

पोरींतल्या उदगीरकडच्या उज्वलाची संध्याकाळी ऑनलाईन टेस्ट होती. ती लॅपटॉप घेऊन भिंतीपाशी बसली. वहिदानं डब्याची वायर काढून तिच्या लॅपटॉपला लावायला सांगितली. पान उघडलं. म्हणजे राऊटर चांगला, वायरही चांगली. मग उज्वलानं लॅपटॉप डब्याला जोडून आतली सेटिंग उघडली आणि थबकली.

"चाची, ह्याच्यात जुन्या राऊटरचा पत्ता पक्का करून ठेवलाय. नव्याचा वेगळा हाय. हा अजून जुन्याचंच दार वाजवून राहिला."

"मग विसरायला लाव त्याला."

उज्वलानं आतलं सगळं पुसायचं बारीक भोक दाखवलं, वहिदानं ओढणीची पिन काढून त्यात दाबून धरली. सगळे दिवे गेले, पुन्हा आले. उज्वलानं त्याला नुसतं ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलं: पत्ते वाटायचं काम राऊटरचं, ह्यानं फक्त नेट पुढं द्यायचं. तरी पोरींचे मोबाईल जोडेनात. खालून रिजवान खाकरला. वहिदा लॅपटॉपवर वाकली.

"काय ऱ्हायलं गं?"

"नाव," उज्वला म्हणाली. "पुसल्यावर डब्याच्या वायफायचं नाव बदललं."

तिनं पूर्वीचं नाव, पूर्वीचा पासवर्ड टाकला. एकेक मोबाईल आपसूक जोडला गेला. उज्वला टेस्टला बसली.

रिजवान वर आला, भिंतीवरचा डबा बघून उभा राहिला. "चालला म्हणायचा."

"हाव. आता त्या कंपनीवाल्याला फोन लावा," वहिदा म्हणाली, "आणि सांगा, ह्या घराला वर मजला हाय. पुढच्या टायमाला जिना चढून यायचं."