निवडुंगातलं तिचं पाणी

आमच्या अकोल्यात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी आधी भरून ठेवलेलं पाणी शिळं ठरतं. बायको ते झाडांना घालायची, मग गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, घासून ताजं भरायची. तुळशीला तांब्या, मोगऱ्याला तांब्या, निवडुंगाला मात्र अर्धा कप. निवडुंग तिनेच माहेराहून आणलेला. शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेच्या कुंपणाचं एक पान तोडून लावलेला. मी चिडवायचो, "माहेरच्या माणसाला इतकं कमी?"

"त्याले लागत नाही. तुमच्यासारखा घडोघडी चहा मागत नाही तो."

गेल्या वैशाखात नळाच्याच दिवशी तिने झाडांना पाणी घातलं आणि दुपारी तिला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही.

मोगरा माझ्या हातून वाळला. निवडुंग टिकला, म्हणून मी मोबाईलवर त्याच्याबद्दल वाचलं. ज्यांना आपण पानं म्हणतो ती त्याची खोडंच. खऱ्या पानांचे झाले काटे. वर मेणचट जाड साल. दिवसा तो सालीची छिद्रं मिटून घेतो, ऊन उतरून गारवा आला की उघडतो. मिळालेलं पाणी चिकट गरात धरून महिनोन्‌महिने पुरवतो. हे वाचलं आणि डोक्यात एकच गोष्ट बसली: तिच्या हातचा तो अर्धा कप अजून याच्यात आहे. त्यावर माझं पाणी घालायचं नाही. पावसाचे शिंतोडेसुद्धा नकोत म्हणून कुंडी गॅलरीत आत सरकवली. हसणाऱ्याने खुशाल हसावं.

यंदा ऊन तापलं तसा तो पातळ पडत गेला. पानं सुरकुतली, खाली वाकली. रोज सकाळी मी कप घेऊन त्याच्यापुढे उभा राहायचो आणि तसाच परत यायचो. पाणी घालावं तर तिचं संपलं हे कबूल करावं लागणार, न घालावं तर निवडुंगही जाणार.

वर्षश्राद्धाला तिची धाकटी बहीण आली. गॅलरीतूनच ओरडली, "भाऊजी, निवडुंग कोनी वाळवते काय? पानी काहून नाही देत याले?"

मी सांगून टाकलं. तिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "ताईचं पानी त्यानं केव्हाच वापरलं, म्हणून तर आजवर जगला. तिनं काय ते जपून ठेवाले देल्लं होतं? आता तुमी द्या."

पुढच्या नळाला मी गुंडातलं शिळं पाणी अर्धा कप घातलं. घालताना रडलो, खोटं कशाला सांगू. काही दिवसांत पानं भरली, एकाच्या कडेला कोवळा कोंब आला. मला इतका आनंद झाला, की नंतरच्या नळाला मी तांब्याच भरून नेला. तो वाकवणार तोच ऐकू आलं, "त्याले लागत नाही." इतकं स्पष्ट, की मी मागे वळून पाहिलं.